शुक्रवारचा उपवास : रूढी की साधना?

शिष्य न धुतलेल्या हातांनी जेवतात, अशी तक्रार घेऊन परुशी व शास्त्री प्रभू येशूकडे आले, तेव्हा त्याने हात धुण्याच्या रिवाजावर वाद घातला नाही. त्याने त्यांच्यापुढे ‘कुर्बान’चा दाखला ठेवला (मार्क, अध्याय 7). एखाद्याने आपली मिळकत देवाला अर्पण केल्याचे जाहीर केले की, वृद्ध आईवडिलांना पोसण्याच्या कर्तव्यातून तो मोकळा होत असे. देवाला अर्पण करणे ही मुळात भक्तीची गोष्ट. परंतु त्या भक्तीच्या आडून देवाचीच आज्ञा मोडली जात होती. परंपरा जुनी आहे की नवी, हे प्रभूने पाहिले नाही. ज्या देवासाठी ती पाळली जाते, त्याच देवाच्या इच्छेविरुद्ध ती उभी राहिली आहे काय, हे त्याने पाहिले.

हाच प्रश्न आपण आपल्या परंपरांनाही विचारला पाहिजे. धर्मग्रामात काम करताना तो दोन बाजूंनी कानांवर येतो. वडीलधारी माणसे म्हणतात, “फादर, पूर्वीचे आता काही उरले नाही.” कॉलेजात जाणारी मुले विचारतात, “फादर, शुक्रवारी पापलेट चालते, मग कोंबडी का चालत नाही?” पहिल्या उद्गारात खंत आहे, दुसऱ्यात थोडी थट्टा आहे, परंतु दोन्हींचे उत्तर एकाच ठिकाणी, ख्रिस्तसभेच्या इतिहासात, शोधावे लागते. म्हणून या लेखापुरती एकच परंपरा विचारासाठी घेतो : शुक्रवारचे मांसवर्जन आणि त्याच्याशी जोडलेला उपवास.

कारण संपले की नियम संपतो

परंपरा या शब्दाचे आपल्या धर्मात दोन अर्थ आहेत. फ्रेंच डॉमिनिकन ईशज्ञानी ईव्ह कोंगार यांनी 1960 व 1963 साली दोन भागांत प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात हा भेद विस्ताराने मांडला. प्रेषितांकडून मिळालेली आणि पिढ्यान्‌पिढ्या सुपूर्द होत आलेली श्रद्धा ही एक परंपरा. ती बदलत नाही. त्या श्रद्धेला निरनिराळ्या काळांत व देशांत जी बाह्य रूपे मिळाली, त्या दुसऱ्या परंपरा. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1963 च्या उपासनाविषयक दस्तऐवजात हेच तत्त्व उपासनेला लावले. उपासनेत काही भाग ईश्वरनिर्मित म्हणून अचल असतो आणि काही भाग कालमानाप्रमाणे बदलू शकतो, किंबहुना तो अयोग्य ठरला असेल तर बदललाच पाहिजे, असे परिषदेने सांगितले.

ही काही विसाव्या शतकातील नवी कल्पना नव्हे. प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या पंधराव्या अध्यायात जेरुसलेमच्या सभेचा वृत्तान्त आहे. ही सभा सुमारे इसवी सन 49 मध्ये भरली. परराष्ट्रीयांतून आलेल्या भाविकांवर सुंतेचे ओझे लादू नये, असे प्रेषितांनी ठरवले. परंतु मूर्तींना वाहिलेले अन्न, रक्त आणि गळा दाबून मारलेल्या प्राण्याचे मांस वर्ज्य करावे, अशी अट घातली. पवित्र आत्म्याचे नाव घेऊन प्रत्यक्ष प्रेषितांनी केलेला हा नियम! त्याहून मोठा अधिकार कोणत्या रूढीला असणार? तरीही चौथ्या-पाचव्या शतकाच्या संधिकालात संत आगुस्तीन लिहितात की, मान मोडून मारलेला ससा खाण्यात आपल्या भागातील ख्रिस्ती माणसाला आता कसलाही संकोच वाटत नाही.

असे का झाले? यहुदी आणि परराष्ट्रीय यांना एका पंक्तीला बसता यावे, यासाठी तो नियम होता. पश्चिमेकडील ख्रिस्तसभेत पंक्तीचा तो प्रश्न उरला नाही, तेव्हा नियमही मागे पडला. पुढे फ्लॉरेन्सच्या परिषदेने 1442 साली कॉप्टिक ख्रिस्ती लोकांशी ऐक्याचा करार करताना हे स्पष्ट शब्दांत नमूद केले की, त्या नियमाचे कारण संपले, तसा त्याचा अंमलही संपला.

हे तत्त्व दुधारी आहे, हे मात्र विसरू नये. कारण संपले असेल तर प्रेषितांचा नियमही सुटतो. पण कारण कायम असेल तर तो नियम केवळ जुना झाला म्हणून टाकता येत नाही. तेव्हा शुक्रवारच्या उपवासाचे कारण कोणते होते, आणि ते संपले आहे काय, हे पाहिले पाहिजे.

आरंभीचा हेतू

‘दिदाखे’ हे प्रेषितकाळाच्या लगतचे एक छोटे पुस्तक. त्याचे हस्तलिखित 1873 साली कॉन्स्टँटिनोपल येथे सापडले आणि दहा वर्षांनी छापले गेले. त्यात ख्रिस्ती लोकांनी बुधवारी व शुक्रवारी उपवास करावा असे सांगितले आहे. शुक्रवार हा प्रभूच्या क्रुसावरील मरणाचा वार. वर हिरावून नेला जाईल तेव्हा वऱ्हाडी उपवास करतील, हे प्रभूचे शब्द पहिल्या ख्रिस्ती पिढ्यांनी असे आपल्या दिनक्रमात आणले. स्मरण केवळ मनाने न करता पोटानेही करावे, ही त्यामागील भूमिका होती.

दुसऱ्या शतकात रोममध्ये लिहिलेल्या ‘हर्मासचा मेंढपाळ’ या ग्रंथात याच्या पुढची पायरी आढळते. उपवासाच्या दिवशी केवळ भाकर व पाणी घ्यावे. एरवी आपण जे जेवलो असतो त्याची किंमत मोजावी आणि तेवढी रक्कम विधवेला, पोरक्याला किंवा गरजवंताला द्यावी, अशी तेथे शिकवण आहे. उपवासाची ही अत्यंत व्यवहारी रीत आहे. वाचलेला घास वाचवणाऱ्याच्या घरी राहत नाही, तो दुसऱ्याच्या ताटात जातो. पोप पहिले लिओ (कार्यकाल 440 ते 461) यांची उपवासावरील प्रवचने वाचली तर हाच सूर पुनःपुन्हा ऐकू येतो. त्यांच्याच काळातील रवेन्नाचे महागुरू संत पीटर क्रिसोलोगस प्रार्थना, उपवास व दया या तिघांना अविभाज्य मानतात. यशया संदेष्ट्याने अठ्ठावन्नाव्या अध्यायात भुकेल्याला अन्न आणि बेघराला आसरा देण्यालाच खरा उपवास म्हटले होते. ख्रिस्तसभेने ती शिकवण अशी आठवड्याच्या नेमात आणली.

उपवास कसा करावा, याबाबत मात्र प्रारंभी एकवाक्यता नव्हती. पुनरुत्थान सणापूर्वी कोणी एक दिवस उपवास करीत, कोणी दोन दिवस, कोणी त्याहून अधिक. दुसऱ्या शतकाच्या अखेरीस पुनरुत्थान सणाच्या दिवसावरून वाद पेटला, तेव्हा संत इरेनेउस यांनी पोप व्हिक्टर यांना या भिन्नतेची आठवण करून दिली. उपवासातील भेद हा श्रद्धेतील ऐक्याचाच पुरावा होय, असे त्यांनी कळवले. संत आगुस्तीन यांच्या आईला, संत मोनिकाला, मिलान शहरात अशीच अडचण आली. तेथे शनिवारी उपवास करीत नसत, रोममध्ये करीत असत. मिलानचे महागुरू संत अँब्रोज यांनी दिलेले उत्तर प्रसिद्धच आहे : मी रोमला जातो तेव्हा शनिवारी उपवास करतो, येथे असतो तेव्हा करीत नाही. ज्या ख्रिस्तमंडळात राहतो त्याची रीत पाळावी, हा त्याचा आशय.

हिशेबाला आरंभ

मध्ययुगात नियम एकसारखे व काटेकोर झाले. प्रायश्चित्तकाळात दिवसाकाठी एकच जेवण, आणि तेही सायंप्रार्थनेनंतर, असा दंडक होता. मांसाबरोबर बऱ्याच ठिकाणी अंडी, दूध व लोणीही वर्ज्य होते. सर्व लहानथोर मिळून ही साधना करीत, ही त्या काळाची थोरवी. परंतु नियम जसजसा काटेकोर झाला, तसतशा त्यातून निघणाऱ्या पळवाटाही वाढल्या.

सायंकाळचे जेवण हळूहळू दुपारी तीन वाजता आले. तेराव्या शतकात संत थॉमस आक्विनास तीच वेळ योग्य मानतात. नंतर ते मध्यान्हीवर आले. पण जेवण सायंप्रार्थनेनंतरच घ्यावे हा नियम तर कायम होता! त्यावर तोड अशी निघाली की, प्रायश्चित्तकाळात सायंप्रार्थनाच दुपारच्या आत म्हणून टाकायची. ही प्रथा कित्येक शतके चालली. एवढ्या लवकर जेवल्यावर रात्री भूक लागणारच. मठांत संध्याकाळी संत कासियन यांच्या ‘संवाद’ या ग्रंथाचे वाचन होत असे. लॅटिन भाषेत त्याचे नाव ‘कोलातिओनेस’. त्या वेळी तहान भागवण्यासाठी घोटभर पेय मिळू लागले, पुढे त्याबरोबर भाकरीचा तुकडा आला. इटालियन भाषेत न्याहारीला आज ‘कोलात्सिओने’ म्हणतात, तो शब्द येथूनच आला. उपवासातल्या वाचनाचे नाव अखेर खाण्याला मिळाले.

बाराव्या शतकाच्या अखेरीस जेराल्ड या वेल्समधील धर्मगुरूने आयर्लंडविषयी लिहिताना एका समुद्री हंसाची हकिकत नोंदवली आहे. हा पक्षी समुद्रातील लाकडापासून जन्मतो असा समज होता; सबब तो मांस नव्हे, असे म्हणून तेथील काही धर्माधिकारी उपवासाच्या दिवशी त्यावर ताव मारीत. फ्रान्समधील रूआँ शहराच्या महामंदिराला एक ‘लोण्याचा मनोरा’ आहे. उपवासात लोणी खाण्याची सवलत मिळावी म्हणून भाविकांनी दिलेल्या पैशातून तो पंधराव्या शतकाच्या अखेरीस उभा राहू लागला, म्हणून हे नाव. आपल्याकडे “एकादशी आणि दुप्पट खाशी” अशी म्हण आहे. कोणत्याही एका धर्मावर बोट ठेवण्यासाठी ती म्हण नाही. माणसाच्या स्वभावाचेच ते वर्णन आहे.

येथे काय बिघडले, ते नीट पाहावे. नियम मोडला गेला नव्हता, उलट अक्षरशः पाळला जात होता. फक्त विधवेच्या ताटाशी असलेला त्याचा संबंध तुटला होता. हर्मासच्या ग्रंथात उपवास करणारा स्वतःच्या जेवणाची किंमत मोजून ती गरिबाला देतो. लोण्याच्या मनोऱ्याच्या काळात तो स्वतःच्या जेवणाच्या सवलतीची किंमत मोजतो.

या विसंगतीचा स्फोट झाल्यावाचून राहिला नाही. 1522 सालच्या प्रायश्चित्तकाळात झुरिक शहरात क्रिस्टोफ फ्रोशाउअर या मुद्रकाच्या घरी सॉसेज कापून वाटण्यात आले. कामगारांना जत्रेपूर्वी छपाईचे अवजड काम संपवायचे आहे, पेजेवर ते कसे होणार, असा फ्रोशाउअरचा बचाव होता. हजर असलेल्या झ्विंगलीने स्वतः मांस खाल्ले नाही. पण काही दिवसांनी त्याने खाण्याच्या स्वातंत्र्यावर प्रवचन दिले आणि स्वित्झर्लंडमधील धर्मसुधारणेला तोंड फुटले. इंग्लंडमध्ये तर याहून विलक्षण प्रकार घडला. रोमशी संबंध तोडलेल्या त्या राज्याने 1563 साली बुधवारी मासे खाण्याचा कायदा केला, तो मच्छीमार व आरमार यांना बळ मिळावे म्हणून. मासे खाणे आत्म्याच्या तारणासाठी आवश्यक आहे असे सांगणाऱ्यास शिक्षा होईल, असे त्याच कायद्यात लिहिले होते! परंपरेचे शरीर तेवढे उरले. त्यात आत्मा दुसराच शिरला.

नियम सैल झाला तेव्हा

पोप सहावे पॉल यांनी 17 फेब्रुवारी 1966 रोजी प्रायश्चित्ताविषयी जे प्रेषितीय संविधान काढले, त्याचा उद्देश हा तुटलेला धागा पुन्हा जोडण्याचा होता. प्रार्थना, उपवास व दानधर्म ही त्रयी त्यांनी पुनश्च एकत्र मांडली. सुबत्तेच्या देशांतील लोकांनी संयमाने राहून भुकेल्या बांधवांना साह्य करावे आणि गरीब देशांतील लोकांनी न्यायासाठी झटताना आपले क्लेश ख्रिस्ताच्या क्रुसाशी जोडावेत, असे त्यांनी सांगितले. मांसवर्जनाऐवजी प्रायश्चित्ताचे दुसरे रूप ठरवण्याची मोकळीकही त्यांनी महागुरूंच्या मंडळांना दिली. त्याच वर्षी 18 नोव्हेंबरला अमेरिकेच्या महागुरूंनी प्रायश्चित्तकाळाबाहेरील शुक्रवारची सक्ती उठवली. लोकांनी आता हे स्वेच्छेने, प्रेमापोटी करावे, रुग्णांना भेटावे, गरजूंची सेवा करावी, अशी त्यांनी आशा व्यक्त केली.

मात्र सक्ती गेली, तसा बहुतेकांच्या लेखी शुक्रवारही गेला. मांस परत आले. पण मांसाच्या जागी जे यायला हवे होते ते फार थोड्या घरांत आले. मेरी डग्लस या ब्रिटिश मानववंशशास्त्रज्ञ स्वतः कॅथलिक होत्या. 1970 साली प्रसिद्ध झालेल्या ‘नैसर्गिक प्रतीके’ या ग्रंथात त्यांनी लंडनमधील आयरिश मजुरांचे उदाहरण घेतले. सुशिक्षित धर्मगुरूंना त्यांचे शुक्रवारचे व्रत पोकळ कर्मकांड वाटत होते. परंतु परक्या शहरात हलकी कामे करणाऱ्या त्या माणसांना तीच खूण आपल्या गावाशी आणि विश्वव्यापी ख्रिस्तसभेशी जोडून ठेवीत होती. नियम सोडवून घेताना आपण गरिबाच्या हातातील ओळख काढून घेतो आहोत, हे कोणाच्या ध्यानात आले नाही, असा त्यांचा आक्षेप होता. पुढे इंग्लंड व वेल्सच्या महागुरूंनी 16 सप्टेंबर 2011 पासून शुक्रवारचे मांसवर्जन पुन्हा लागू केले. प्रायश्चित्ताच्या सवयी सर्वांनी मिळून जोपासल्या तरच त्या टिकतात, हा त्यामागील अनुभव होता.

या दोन टप्प्यांतून इतिहास एकच धडा शिकवतो. परंपरा नुसती पाळल्याने तिचा हेतू जिवंत राहत नाही, आणि नुसती सोडल्यानेही तो जिवंत होत नाही.

आपल्या ताटात काय आहे?

आता त्या मुलांच्या प्रश्नाकडे वळू. संत थॉमस आक्विनास सांगतात की, जमिनीवरील प्राणी व पक्षी यांचे मांस अधिक रुचकर व पौष्टिक, म्हणून ते वर्ज्य. मासे त्या मानाने साधे. युरोपच्या बाजारात खारवलेला मासा गरिबाचे अन्न होता, तेव्हा हे पटण्याजोगे होते. वसईच्या किनाऱ्यावर पापलेट व सुरमईचा भाव ब्रॉयलर कोंबडीच्या कितीतरी वर आहे. शुक्रवारी कोंबडी टाळून पापलेट तळणाऱ्या घरात नियम पाळला जातो. त्याग मात्र घडत नाही. शिवाय श्रावण आणि एकादशी पाळणाऱ्या आपल्या शेजाऱ्याच्या दृष्टीने मासा हा सामिष आहारच होय. आपले व्रत त्याला दिसतच नाही, म्हणून ते साक्ष देत नाही.

घाट चढून वर गेलो तर चित्र उलटे होते. अहिल्यानगर, बीड, जालना या भागांतील आपल्या शेतमजूर बांधवांच्या घरी मांस सणासुदीलाच शिजते. त्यांच्यातील कित्येक कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडणीला गाव सोडतात; प्रायश्चित्तकाळ त्यांना फडावर गाठतो. भाकरी आणि चटणी खाणाऱ्या माणसाला मांस वर्ज्य करण्यास सांगणे म्हणजे ज्याच्याजवळ छत्री नाही त्याला छत्री मिटायला सांगण्यासारखे आहे. कष्टकऱ्यांची अडचण आक्विनास यांनीही विचारात घेतली होती. अशा माणसाशी उपवासाविषयी बोलताना धर्मगुरूने प्रथम त्याच्या मजुरीविषयी बोलले पाहिजे.

मग ही परंपरा संपली काय? फ्लॉरेन्सची कसोटी तिला लावून पाहू. प्रभूच्या मरणाचे स्मरण अनावश्यक झाले आहे काय? भुकेले शेजारी उरले नाहीत काय? दोन्ही कारणे जशीच्या तशी उभी आहेत. संपले आहे ते एका विशिष्ट बाजारपेठेत ठरलेले, मांस महाग आणि मासा स्वस्त हे समीकरण.

1983 च्या धर्मसंहितेत याला पुरेशी जागा ठेवलेली आहे. प्रत्येक शुक्रवार हा प्रायश्चित्ताचा दिवस आहे, हे 1250 वे कलम सांगते. मांस किंवा महागुरूंच्या मंडळाने ठरवलेला अन्य पदार्थ वर्ज्य करावा, असे 1251 वे कलम म्हणते. आणि मांसवर्जनाच्या जागी दयेची कृत्ये ठेवण्याचा अधिकार त्या मंडळाला 1253 व्या कलमाने दिला आहे. याचे सामुदायिक रूप कसे असू शकते, हे जर्मनीत दिसले. कोलोनचे कार्डिनल फ्रिंग्ज यांच्या प्रस्तावावरून 1958 साली तेथील महागुरूंनी ‘मिसेरेओर’ हे कार्य सुरू केले. प्रायश्चित्तकाळातील त्यागातून उभा राहिलेला निधी जगातील भूक व रोगराई यांच्या निवारणासाठी वापरायचा, ही हर्मासचीच कल्पना. 1962 साली स्थापन झालेली आपली ‘कारितास इंडिया’ही दरवर्षी प्रायश्चित्तकाळात असेच आवाहन करते.

हे आपल्या घरापर्यंत यावे, एवढीच माझी सूचना आहे. सध्याचा नियम मोडावा असे मी म्हणत नाही. त्याला त्याचा हरवलेला अर्धा भाग परत द्यावा, असे म्हणतो. किनाऱ्यावरील घराने शुक्रवारी कोंबडीबरोबर महागडा मासाही टाळावा. घरातील आईने, किंवा मुलानेच, त्या दिवशी किती रुपये वाचले ते मोजावे आणि ते एका डब्यात टाकावे. महिनाअखेर तो डबा धर्मग्रामातील व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीकडे जावा, किंवा त्याहून चांगले म्हणजे, घरातल्या मुलाने तो गल्लीतील एखाद्या आजारी, एकाकी माणसाच्या घरी स्वतः नेऊन द्यावा. जेथे वाचवण्यासारखे काही नाही, तेथील कुटुंबाने शुक्रवारी एकत्र बसून क्रुसाची वाट म्हणावी. त्यांचा त्याग त्यांच्या कष्टांतून आधीच झालेला आहे.

वडीलधाऱ्यांची खंत आणि मुलांचा प्रश्न यांना याहून वेगळे उत्तर मला इतिहासात सापडत नाही. मुलाच्या हातात तो डबा असेल, तर शुक्रवार कशासाठी असतो हे त्याला निराळे समजावून सांगावे लागणार नाही. आणि आजीला तिचा जुना शुक्रवार त्याच्या हातात ओळखू येईल.